घर आवरताना पुस्तकांना वाचक शोधून द्यावा

पुण्या-मुंबईतल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जाऊ लागल्यापासून पुस्तकांनी भरलेली घरे भराभर रिकामी होत आहेत. नवी इमारत उभी राहीपर्यंतची वर्षे भाड्याच्या दोन खोल्यांत काढायची असतात, आणि तीस-चाळीस वर्षांत जमलेली कपाटे तिथे मावत नाहीत. निवृत्तीनंतर लहान घरात जाणाऱ्यांची, किंवा आई-वडिलांच्या पश्चात त्यांचे घर आवरण्यासाठी मोजक्या रजेवर परदेशातून आलेल्या मुलांची अडचणही हीच असते. भांडी, कपडे, गाद्या यांचा निकाल लागतो, पुस्तके मात्र मन धजत नाही म्हणून शेवटपर्यंत तशीच राहतात. मग टेम्पो यायच्या आदल्या दिवशी रद्दीवाल्याला बोलावले जाते आणि आयुष्यभराच्या आवडीने जमवलेला संग्रह तासाभरात वजनकाट्यावर चढतो. असे होऊ नये म्हणून काय, केव्हा आणि कोणत्या क्रमाने करावे, हे या लेखात सविस्तर सांगण्याचा प्रयत्न आहे.

घर आवरताना आपण प्रत्येक पुस्तक हातात घेऊन ‘ठेवू की काढू’ असे स्वतःला विचारतो. या प्रश्नाचे उत्तर प्रेम असलेल्या पुस्तकाबाबत नेहमी ‘ठेवू’ असेच येते, आणि दिवसभर बसूनही एक फळी रिकामी होत नाही. त्याऐवजी ‘हे पुस्तक यापुढे कोण वाचील’ असे विचारावे. या प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे असेल, तर पुस्तके जिथे जाऊ शकतात ती ठिकाणे आधी माहीत असायला हवीत. म्हणून कपाटाला हात लावण्यापूर्वी ठिकाणे शोधावीत. माझ्या मते या कामातले निम्मे यश याच एका क्रमात आहे.

वेळ कोणती निवडावी

घर सोडण्याची तारीख ठरलेली असेल, तर पुस्तकांच्या कामाला किमान दोन महिने आधी सुरुवात करावी. बाकीचे सामान आवरण्याचे काम त्याआधी किंवा त्याच्या बरोबरीने चालू द्यावे, कारण तुटक्या बादल्या, जुन्या गाद्या आणि न वापरलेले स्टीलचे डबे काढताना निर्णय घेण्याची सवय लागते आणि पुस्तके पसरायला जमीनही मोकळी होते. ऋतूची निवड हाती असेल, तर दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, हवेतला दमटपणा इतका असतो की खोक्यात बंद केलेल्या पुस्तकांवर पंधरवड्यात बुरशी धरू शकते. मार्चअखेर ग्रंथालये हिशेब आणि अहवाल पुरे करण्यात गुंतलेली असतात, त्या दिवसांत देणगीची पुस्तके पाहायला यायला त्यांना सवड नसते.

ज्यांची पुस्तके आहेत ती व्यक्ती हयात असेल, तर तिच्या माघारी एकही पुस्तक हलवू नये. वडील आठ दिवस बहिणीकडे गेले आहेत एवढ्यात खोली मोकळी करून घेऊ, हा विचार कितीही सोयीचा वाटला तरी त्याने होणारी जखम भरून येत नाही. त्यांच्याजवळ बसून ‘बाबा, हे काढू का’ असे विचारण्यापेक्षा ‘बाबा, हे कोणाला द्यावे असे तुम्हाला वाटते’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नात त्यांचे काहीतरी जात असते. दुसऱ्यात ते स्वतः देणारे असतात. नाटकांची पुस्तके शेजारच्या नाटकवेड्या मुलाला, ज्योतिषाची अमक्या मामांना, गणिताची जुन्या शाळेला, अशी नावे ते आपणहून सांगू लागतात आणि त्या त्या पुस्तकाची हकिकतही सांगतात. ती ऐकण्यात वेळ जातो, तो जाऊ द्यावा. सांगितलेली नावे पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी पुस्तकात घालून ठेवावी.

ठिकाणे आधी शोधावीत

पुस्तके द्यायची म्हटले की आपल्याला शहरातले मोठे, नावाजलेले ग्रंथालय आठवते. पुणे नगर वाचन मंदिर 1848 पासूनचे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय 1893चे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898चे. अशा संस्थांकडे आपल्या घरातली बहुतेक गाजलेली पुस्तके आधीच असतात, अनेकदा एकाहून अधिक प्रतींत असतात, आणि जागेची टंचाई त्यांना आपल्यापेक्षा जास्त असते. त्यांच्याकडे नसलेले दुर्मीळ पुस्तक आपल्याकडे असेल तर ते जरूर त्यांना दाखवावे. सर्वसाधारण संग्रहासाठी मात्र तालुक्याच्या किंवा गावच्या लहान ग्रंथालयाकडे वळावे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 साली झाला. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग असतात. ड वर्गाच्या ग्रंथालयाचे अनुदान तुटपुंजे असते आणि नव्या खरेदीला वाव थोडा असतो. अशा ठिकाणी चांगल्या स्थितीतल्या दोनशे कादंबऱ्या आणि चरित्रे पोहोचली, तर गावच्या वाचकांना त्याचा फरक लगेच जाणवतो.

याखेरीज शाळा, आश्रमशाळा, मुलामुलींची वसतिगृहे, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका, वृद्धाश्रम, कारागृहांची ग्रंथालये आणि सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांनी चालवलेली वाचनालये यांचा विचार करावा. वृद्धाश्रमासाठी मोठ्या अक्षरांची आणि वजनाला हलकी पुस्तके वेगळी काढावीत. वसतिगृहातल्या मुलांना शब्दकोश, व्याकरण आणि विज्ञानाची सोपी पुस्तके हवी असतात. तिथे आपल्या आवडीची समीक्षा पाठवून काही साधत नाही.

ठिकाण मनात आले की आधी दूरध्वनी करावा आणि जमल्यास प्रत्यक्ष जाऊन यावे. ग्रंथपालांना स्पष्ट विचारावे की कोणत्या विषयांची पुस्तके हवी आहेत, किती जुनी चालतील, दिवाळी अंक आणि मासिके घेता का, दुसरी प्रत आधीच असेल तर तिचे काय करता, आणि नेण्याची व्यवस्था कोणी करायची. सरकारमान्य ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची दाखल नोंदवहीत नोंद करावी लागते, त्याला क्रमांक द्यावा लागतो, शिक्के मारावे लागतात, वर्गीकरण करावे लागते. पाचशे पुस्तके म्हणजे एकट्या ग्रंथपालाचे कित्येक दिवसांचे काम असते. एकदा दाखल झालेले पुस्तक पुढे खराब झाले, तर ते काढून टाकण्यासाठीही निर्लेखनाची रीतसर पद्धत पाळावी लागते. न विचारता दारात पोती आणून टाकणे हे म्हणूनच दान ठरत नाही. त्यात आपली अडचण दुसऱ्याच्या दारात गेलेली असते. ‘आम्ही निवडून, पुसून, यादीसह आणून देतो, त्यातले हवे तेच ठेवून घ्या, नको ते परत नेतो’ असे सांगितले, की बहुतेक ग्रंथपाल मनापासून सहकार्य करतात.

संग्रह एकत्र राहावा, त्याला वडिलांचे नाव द्यावे, वेगळे कपाट असावे, अशी अनेकांची इच्छा असते. लहान ग्रंथालयाकडून असा शब्द घ्यायचा असेल, तर कपाटाचा खर्च आपण उचलावा. संग्रह एकाच विषयाचा असेल, उदाहरणार्थ संतसाहित्य, गिर्यारोहण किंवा शेती, तरच ही मागणी रास्त आहे; सरमिसळ संग्रह एका नावाखाली बंद कपाटात ठेवला की वाचक तिकडे फिरकत नाहीत. महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलार गावात 2017 साली पुस्तकांचे गाव सुरू झाले, तिथे गावकऱ्यांच्या घरांतून एकेका साहित्यप्रकाराची पुस्तके मांडली आहेत. वाचक विषय धरून येतो, हे त्या मांडणीमागचे सूत्र देणगी देणाऱ्यानेही लक्षात ठेवावे आणि पुस्तके विषयवार गट करून त्या त्या ठिकाणी पाठवावीत.

देणगीबद्दल पोच मागावी, ती आपल्या यादीजवळ जपून ठेवावी. पुस्तकांसारख्या वस्तुरूप देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही, तेव्हा त्या आशेने पावतीचा आग्रह धरू नये.

निवडीला कोठून सुरुवात करावी

पहिल्या दिवशी काहीही काढू नये. प्रत्येक फळीचे एक छायाचित्र मोबाइलवर असे घ्यावे की सर्व पुस्तकांचे कणे वाचता येतील. या छायाचित्रांतून पुढे यादी करता येते, नातेवाइकांना आणि ग्रंथालयांना ती पाठवता येतात, आणि संग्रह जसा मांडलेला होता तसा त्याचा ठसाही आपल्याजवळ राहतो. यादीत लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्तीचे वर्ष, पुस्तकाची स्थिती आणि ते कोठे जाणार, एवढे रकाने पुरेसे आहेत.

मग एकेक फळी हाती घेण्याऐवजी एकेक विषय हाती घ्यावा. घरातली सगळी प्रवासवर्णने, माळ्यावरची, पलंगाखालची आणि दिवाणातलीसुद्धा, एका जागी जमवली म्हणजे एकाच पुस्तकाच्या दोन प्रती निघतात आणि आपल्याला त्यातली नेमकी कोणती प्रिय आहेत हे समोर दिसते. सुरुवात नेहमी भावना न गुंतलेल्या विषयांपासून करावी. जुनी गाइडे, संगणकाची पुस्तके, आयकराची मार्गदर्शके, दूरध्वनी निर्देशिका, औषधांची जुनी माहितीपुस्तके यांचे वाचनमूल्य संपलेले असते, आणि औषधांची माहिती तर कालबाह्य झाली की अपायकारकही ठरते. अशी पुस्तके दान करू नयेत, ती रद्दीतच जावीत. वकिलाच्या घरात थोडा विचार करावा. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, त्यामुळे विद्यार्थ्याला जुनी टीकापुस्तके उपयोगाची राहिली नाहीत. परंतु त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच संहितेखाली चालतात, म्हणून तरुण वकिलाला ती अजून काही वर्षे लागतील.

विश्वकोशाच्या खंडांबद्दल हमखास विचारणा होते. मराठी विश्वकोश आता महाजालावर विनामूल्य वाचता येतो, त्यामुळे घरात त्याचे भारदस्त खंड ठेवण्याची निकड उरलेली नाही. परंतु शाळेच्या ग्रंथालयात मूल एका नोंदीवरून दुसरीकडे पाने उलटत जाते, तो लाभ पडद्यावर तसाच मिळत नाही. खंड पूर्ण असतील तर शाळेला विचारावे. मधले चार खंड गहाळ असतील तर कोणी घेणार नाही, हे धरून चालावे.

प्रेम आणि दुर्मीळपणा वेगळे ठेवावेत

आता खरे कठीण काम येते. ज्या पुस्तकांनी आपल्याला घडवले, जी तापात वाचली, प्रवासात वाचली, कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवली, ती कशी द्यावीत? इथे मला एकच कसोटी उपयोगी पडलेली आहे : हे पुस्तक उद्या पुन्हा वाचावेसे वाटले, तर मिळेल का? मराठीतल्या ज्या कादंबऱ्या, कथासंग्रह आणि विनोदी पुस्तके आपण सर्वाधिक जपतो, त्यांतल्या पुष्कळांच्या आवृत्त्या सतत निघत असतात आणि ती कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात मिळतात. त्यांच्यावर आपले प्रेम कितीही असो, ती प्रत निर्धास्त देता येते, आणि ती गावातल्या वाचकाच्या हातात गेली तर तिचे चीज होते. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी आपल्याकडे साहित्यावरचा स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातले आणि विसाव्याच्या पूर्वार्धातले बरेच साहित्य आता महाजालावरही कायदेशीरपणे उपलब्ध आहे. ज्यांचा हक्क अजून चालू आहे अशी पुस्तके देण्याआधी पूर्ण छायांकित करून चारचौघांत वाटू नयेत. आठवणीसाठी मुखपृष्ठाचे आणि आवडत्या पानाचे छायाचित्र पुरे.

याच्या उलट, ज्या पुस्तकांकडे घरात कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्यांत दुर्मीळ ऐवज दडलेला असतो. एखाद्या घराण्याचा कुलवृत्तांत, तालुक्याच्या इतिहासाची चाळीस पानांची पुस्तिका, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची किंवा साहित्य संमेलनाची स्मरणिका, सहकारी संस्थेचे जुने अहवाल, नाटक कंपनीची पदावली, लेखकाने स्वखर्चाने छापलेला कवितासंग्रह : यांच्या प्रती मुळातच थोड्या निघाल्या, त्या पुन्हा छापल्या गेल्या नाहीत, आणि ग्रंथालयांतही त्या सहसा नसतात. संशोधकाला यांचीच गरज पडते. दिसायला जीर्ण आणि बारीक म्हणून हीच पुस्तके पहिल्यांदा रद्दीत जातात. त्यांचा वेगळा ढीग करावा आणि जाणकाराने पाहिल्याशिवाय त्यातले एकही पान बाहेर जाऊ देऊ नये.

जुन्या पुस्तकाचे वय पाहायचे तर शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू वाचावी. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी पुस्तकांवर अनेकदा शालिवाहन शक छापलेला असतो. शकात 78 मिळवले की इसवी सन मिळतो. जानेवारीपासून गुढीपाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंतच्या काळासाठी 79 मिळवावे लागतात. ‘शके 1832’ असे दिसले तर ते पुस्तक 1910च्या सुमाराचे. ‘आवृत्ती पहिली’ असल्याची खात्री करून मग मुखपृष्ठ, वेष्टण आणि सर्व पाने शाबूत आहेत का ते पाहावे. पहिल्या आवृत्तीला मोल असते ते लेखक महत्त्वाचा असेल आणि प्रत धड असेल तेव्हा. नुसत्या जुनेपणाला फारशी किंमत मिळत नाही.

कापडाच्या रुमालात बांधलेली हस्तलिखित पोथी किंवा मोडी कागदपत्रे निघाली, तर ती पुस्तकांच्या कोणत्याही ढिगात घालू नयेत. पुण्यातले भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था 1917 पासून अशा साहित्याचा सांभाळ करत आली आहे. त्यांच्याशी किंवा आपल्या भागातल्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाशी संपर्क साधावा. 75 वर्षांहून जुने, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोल असलेले हस्तलिखित 1972च्या पुरावशेषविषयक कायद्याखाली येऊ शकते आणि त्याचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, तेव्हा परस्पर विक्रीच्या भानगडीत पडू नये. अशा कागदांना चिकटपट्टी लावणे, ते प्लास्टिकमध्ये दाबून घेणे किंवा ओल्या फडक्याने पुसणे कटाक्षाने टाळावे. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक श्लोक लिहीत असत, त्यात पोथी स्वतःच विनवते की तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. आपल्या हाती आलेल्या जुन्या कागदालाही तेवढीच राखण लागते.

दिवाळी अंक

मराठी घरातल्या पुस्तकांच्या प्रश्नात दिवाळी अंकांचा प्रश्न सर्वांत अवघड असतो. 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे आणि घरोघरी माळ्यावर दोरीने बांधलेले गठ्ठे पडून आहेत. बहुतेक ग्रंथालये जुने सुटे दिवाळी अंक घेत नाहीत, कारण कागद हलका, बांधणी नाजूक आणि आकार मोठा. एखाद्या नियतकालिकाचा सलग वीस वर्षांचा संच असेल तर मात्र तो तोडू नये. विद्यापीठाच्या मराठी विभागाला किंवा एखाद्या संदर्भ ग्रंथालयाला पत्र लिहावे आणि पत्रासोबत वर्षांची यादी द्यावी. संच नसेल, तर गेल्या चार-पाच वर्षांचे अंक वृद्धाश्रमात, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात किंवा परगावी शिकणाऱ्या मुलांना आवडतात. त्याहून जुन्या सुट्या अंकांच्या अनुक्रमणिकेचे छायाचित्र घ्यावे, मोलाचा लेख वा कथा असेल तर ती पाने काढून फायलीत लावावीत, आणि उरलेला अंक जाऊ द्यावा. अंकाची पाने काढणे काहींना क्रूरपणाचे वाटेल. पण गठ्ठ्यात बांधलेला अंक कसर लागून नाहीसा होतो, आणि त्यातला तो एक लेखही जातो.

हाताबाहेर जाण्यापूर्वी प्रत्येक पुस्तक उघडावे

हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये. दोन्ही पुठ्ठे धरून पुस्तक उलटे करावे, पाने मोकळी सोडावीत आणि हलकेच झटकावे. मराठी घरातल्या पुस्तकांतून काय काय पडते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे महत्त्व पटेल : जाळी झालेले पिंपळपान, लग्नाची पत्रिका, पंधरा पैशांचे पोस्टकार्ड, विम्याच्या हप्त्याची पावती, बँकेच्या ठेवीची मुदत संपलेली पावती, आणि एखाद्या अनोळखी बाळाचा पासपोर्ट आकाराचा फोटो. पिंपळपान ज्या दोन पानांत होते तिथे त्याची तपकिरी शिरांसकट छाया उमटलेली असते. या वस्तूंसाठी एक डबा जवळ ठेवावा आणि कोणती वस्तू कोणत्या पुस्तकात सापडली ते मागे लिहावे, कारण पत्राला तारीख नसली तरी पुस्तकावरून काळाचा अंदाज लागतो.

पहिल्या कोऱ्या पानावर ‘चि. सौ. अमकीस, वाढदिवसानिमित्त’ असे कोणाच्या अक्षरात लिहिलेले असते. ते पान फाडू नये. फाडले की बांधणीच्या पलीकडले जोडपान सैल होते आणि पुस्तक विद्रूप दिसते. अर्पणलेखाचे छायाचित्र घ्यावे; लिहिणारी व्यक्ती किंवा तिची मुले संपर्कात असतील तर पुस्तक आधी त्यांना विचारावे. लेखकाची स्वाक्षरी असलेली प्रत वेगळी काढावी. घराचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असेल तर त्यावर कागदाची लहान पट्टी चिकटवावी, नाव राहू द्यावे. समासातल्या पेन्सिलीच्या टिपा पुसू नयेत. पुढच्या वाचकाला त्या सोबतीसारख्या असतात. शाईने पानेच्या पाने रंगवलेली असतील तरच ग्रंथालयाला तसे आधी सांगावे.

याच वेळी किडीची तपासणी करावी. कसर कागदाचा वरचा थर खरवडते, त्यामुळे मुखपृष्ठावर वेडेवाकडे फिकट डाग दिसतात. वाळवीच्या पुस्तकात मातीचे कण आणि आरपार खड्डे दिसतात. काळे वा हिरवट ठिपके आणि कुबट वास म्हणजे बुरशी. असे एक पुस्तक खोक्यात गेले तर सगळे ग्रंथालय संकटात येते. संशयित पुस्तके घट्ट बंद पिशवीत वेगळी ठेवावीत. बुरशी झटकताना नाकावर मास्क बांधावा आणि काम गॅलरीत करावे. पुस्तकांवर कीटकनाशक फवारू नये. उन्हात ठेवायचे असेल तर कोवळ्या उन्हात थोडा वेळ, पाने मोकळी करून ठेवावे. कडक उन्हाने कागद ठिसूळ होतो. निरोगी पुस्तकांना मऊ, कोरडा ब्रश किंवा सुती फडके पुरते.

आप्तेष्टांना देणे आणि विकणे

ग्रंथालयांकडे पाठवण्याआधी नातेवाइकांना आणि मित्रांना एका रविवारी घरी बोलावावे, पुस्तके विषयवार मांडून ठेवावीत आणि प्रत्येकाला आपल्या हाताने निवडू द्यावे. आग्रह करून देऊ नये. ‘असू दे, पुढे वाचशील’ म्हणून दिलेले पुस्तक वर्षभराने त्यांच्या माळ्यावर जाते आणि तोच प्रश्न दुसऱ्या घरात उभा राहतो. ‘नंतर नेतो’ असे म्हणणाऱ्यास तारीख विचारावी आणि ती उलटली की पुस्तक पुढच्या ठिकाणी जाईल हे प्रेमाने सांगावे.

विक्रीबद्दल अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात, मुंबईत फ्लोरा फाउंटन आणि माटुंग्याच्या पदपथांवर जुनी पुस्तके विकत घेणारे आहेत. त्यांना अभ्यासक्रमाची, स्पर्धा परीक्षांची आणि इंग्रजी पुस्तके लवकर खपतात, म्हणून भावही त्यांनाच बरा मिळतो. जुन्या पुस्तकाचे दुकानदार दुर्मीळ प्रती अचूक ओळखतात. त्यांनी गठ्ठ्यातून दोनच पुस्तके बाजूला काढली, तर ती दोन पुन्हा नीट पाहावीत आणि त्यांचा भाव स्वतंत्र ठरवावा.

आणि रद्दी? पुस्तकाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या आपल्या समाजात पुस्तक रद्दीत देणे पाप वाटते, आणि त्या भावनेचा मला आदर आहे. तरीही ज्याची पाने गळाली, ज्याला वाळवी लागली, ज्यातली माहिती चुकीची ठरली, ते पुस्तक दुसऱ्याच्या गळ्यात घालणे अधिक वाईट. त्याचा कागद होऊन परत यावा. जीर्ण धार्मिक पोथ्या नदीत सोडू नयेत; एखादा मठ किंवा मंदिर त्या स्वीकारते का ते विचारावे, नाहीतर नमस्कार करून त्या कागदाच्या पुनर्वापरासाठी द्याव्यात.

बांधणी आणि वाहतूक

तीनशे पानांचे साधे पुस्तक साडेतीनशे ते चारशे ग्रॅम भरते, आणि तीन फुटी फळीवर अशी चाळीस-पन्नास बसतात. म्हणजे एका फळीचे वजन सहज पंधरा ते वीस किलो होते. म्हणून लहान, मजबूत खोकी घ्यावीत आणि एकेकात बारा किलोपेक्षा जास्त भरू नये. गोणपाटाची पोती वापरू नयेत, त्यांत पुस्तकांचे कोपरे मोडतात. पुस्तके आडवी, मोठी खाली आणि लहान वर रचावीत, फटींत चुरगळलेला कागद भरावा. प्रत्येक खोक्यावर विषय, ठिकाणाचे नाव आणि क्रमांक लिहून आत यादीची एक प्रत ठेवावी. गावच्या ग्रंथालयासाठी एसटीची पार्सल सेवा किंवा त्या बाजूला जाणारे कोणाचे वाहन स्वस्त पडते.

काय ठेवावे

ठेवायच्या पुस्तकांची संख्या ठरवू नये, जागा ठरवावी. नव्या घरात दोन फळ्या असतील तर दोन फळ्या. त्यांत पुन्हा न मिळणारी, हक्काने संदर्भाला लागणारी आणि निव्वळ जीव जडलेली अशी तिन्ही प्रकारची पुस्तके असावीत. शेवटच्या प्रकाराला कारण द्यावे लागत नाही. नवे पुस्तक आले आणि फळी भरली, तर एक पुस्तक पुढे जावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1930च्या दशकात दादरला ‘राजगृह’ बांधले ते मुख्यतः आपल्या ग्रंथांना जागा असावी म्हणून, आणि त्यांच्या संग्रहातली पुस्तके पुढे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. ग्रंथांवर त्यांच्याइतके प्रेम करणारा माणूस विरळा, आणि त्यांच्या पुस्तकांनाही पुढे दुसरे वाचक मिळाले.

संग्रह गेल्यानंतर काही दिवस रिकाम्या भिंतीकडे पाहून हुरहूर लागते. त्या काळात घाईने नवी खरेदी करू नये. जवळच्या ग्रंथालयाचे सभासदत्व घ्यावे. जिथे आपली पुस्तके दिली त्या गावच्या ग्रंथालयात सहा महिन्यांनी एकदा जाऊन यावे आणि कोणती पुस्तके बाहेर जातात ते ग्रंथपालांना विचारावे, म्हणजे पुढची देणगी कोणत्या विषयाची द्यावी हेही कळते.

जाता जाता एक काम आणखी करून ठेवावे. ठेवलेल्या दोन फळ्यांची यादी एका वहीत लिहावी, प्रत्येक नावापुढे ते पुस्तक आपल्या पश्चात कोणाला द्यावे ते लिहावे, दुर्मीळ पुस्तकांसाठी कोणत्या संस्थेशी बोलणे झाले आहे ते नोंदवावे, आणि वही घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवून मुलांना तिची जागा दाखवावी.